मिलच्या फिटरची जुनी औजारपेटी मिळाली आहे: गंज कसा काढू, काय तसंच ठेवू? (इंदूर)

तुकोगंजकर

नमस्कार मंडळी. परदेशीपुऱ्यातल्या एका मिल फिटरच्या घरून दोन पेट्या औजारांसकट घेतल्या आहेत. विकायच्या नाहीत. निम्मी औजारं वापरायची आणि बाकीची नीट जपायची, असा विचार आहे.

पहिली पेटी सागवानी, सात ड्रॉवरची, आतून हिरवी बनात (जाड लोकरी कापड) लावलेली. किल्ली नाही, आणि खालचे दोन ड्रॉवर अर्ध्यातच अडकतात. दुसरी पत्र्याची पाच खणी पेटी, उघडली की दोन्हीकडे पायऱ्यांसारखे खण पसरतात ती. तिचा डावा वरचा खण तिरका झालाय, त्यामुळे झाकण बसत नाही. तळाच्या कोपऱ्यात गंजून भोकं पडली आहेत.

औजारांत एक स्टॅन्लीचा ४ नंबरचा लोखंडी रंधा आहे, ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलेला. त्याचं पातं खालीवर करायचं पितळी चाक जाम आहे. मूर अँड राइटचा ०–१ इंची मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं औजार) आहे, तोही फिरत नाही. दुतोंडी पान्हे अकरा, त्यांवर ‘१/४ डब्ल्यू ५/१६ बी.एस.’ असले आकडे, पण घरातल्या कुठल्याच बोल्टला ते धड बसत नाहीत. दोन पान्ह्यांवर बाणासारखी खूण आहे. एका हातोडीवर बी.बी. अँड सी.आय. असं ठोकलंय. शिवाय चार पटाश्या (दांडे फुटलेले), कानशी, एक घडीचं छोटं पितळी भिंग, आणि भोक पाडलेले, आकडे ठोकलेले बारा पितळी बिल्ले.

जवाहर मार्गावरचा एक पॉलिशवाला म्हणतो, सगळं बफ मारून आरशासारखं करून देतो. देऊ का? आणि पत्र्याच्या पेटीला नवा रंग द्यावा का?

जुनालोहा

ताई, पॉलिशवाल्याला आधी नाही म्हणून टाका. बफ लावला की कडा गोल होतात, रंध्याचा तळ सपाट राहत नाही आणि ठोकलेल्या खुणा पुसट होतात. औजार नव्यासारखं चकाकतं, पण ते कुणाचं, कधीचं, हे सांगणारं काहीच उरत नाही. जुन्या औजाराची निम्मी किंमत त्या खुणांत असते.

म्हणून गंजाला हात लावण्याआधी खुणा वाचून घ्या. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, वरून खडू चोळा आणि टॉर्च अगदी आडवा धरून बघा. खोलगट भागात खडू बसतो आणि अक्षर उठून दिसतं. तसाच फोटो काढून ठेवा. नंतर आम्लात घातल्यावर काही उथळ खुणा दिसेनाशा होतात.

आता तुमच्या सामानाबद्दल. बाणाची खूण ही ब्रिटिश सरकारी मालाची. बाणाखाली इंग्लिश ‘आय’ असेल तर तो हिंदुस्थानातल्या फौजेचा माल. महूची छावणी शेजारीच, त्यामुळे आपल्याकडच्या कबाड्यांकडे असला माल निघण्यात नवल नाही. हातोडीवरची अक्षरं म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. महू–इंदूर–रतलामची मीटरगेज त्यांचीच होती, आणि १९५१ साली ती कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. म्हणजे हातोडीवरचा शिक्का त्याआधीचा. दांडा मात्र नंतर कितीदा बदलला असेल देव जाणे.

एक सावधगिरी. रेल्वेची खूण असलेला माल घेताना पावती मागून घ्या, विशेषतः नवीन दिसणारा असेल तर. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि माल कुठून आला हे ज्याच्याकडे सापडला त्यानेच सांगायचं असतं. जिच्यावर सत्तर वर्षांमागे विलीन झालेल्या कंपनीचं नाव आहे त्या हातोडीवरून कुणी तुम्हाला अडवेल असं नाही, पण सवय चांगली.

भारतीय औजारं निघाली तर आय.एस.आय.चा शिक्का बघा. ती योजना १९५५ च्या सुमाराला सुरू झाली, त्यामुळे शिक्का असेल तर माल त्यानंतरचा. पत्त्यात ‘मुंबई’ असेल तर १९९५ नंतरचा धरायला हरकत नाही, ‘बॉम्बे’ असेल तर आधीचा असण्याची शक्यता जास्त.

बिल्ले म्हणजे टूलरूमचे टोकन. फिटरला मोठा रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं औजार) किंवा मायक्रोमीटर हवा असला की खिडकीवर आपल्या नंबरचा बिल्ला द्यायचा. टूलकीपर तो बिल्ला त्या औजाराच्या रिकाम्या खुंटीला अडकवायचा. औजार परत केलं की बिल्ला परत. एका कामगाराला असे बरेच बिल्ले मिळत. तुमच्या बाराही बिल्ल्यांवर एकच आकडा असेल तर तो त्या फिटरचा टोकन नंबर. तोच आकडा पान्ह्यांवर, हातोडीच्या गालावर, ड्रॉवरच्या तळाशी कुठे ठोकलेला सापडतो का बघा. सापडला तर हा सगळा संच एका माणसाचा हे सिद्ध होतं, आणि असा संच फोडू नये. बिल्ल्यांना पितळ पॉलिश लावू नका, साबणाचं पाणी पुरे.

पान्हे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. त्यांवरचा आकडा जबड्याचं माप नसून बोल्टच्या दांड्याची जाडी असते, म्हणून तुमचा गोंधळ होतोय. १/४ डब्ल्यूचा जबडा ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. ५/१६ चा ०.६०० इंच (१५.२ मिमी), ३/८ चा ०.७१० इंच (१८ मिमी), १/२ चा ०.९२० इंच (२३.४ मिमी). १३ च्या बोल्टवर १/४ डब्ल्यू चढतो, पण जोर लावला की बोल्टचे कोपरे खातो. बी.एस.चा (बारीक आट्यांचा ब्रिटिश) बोल्ट एक माप लहान डोक्याचा, म्हणून एकाच जबड्यावर दोन आकडे. दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला व्हिटवर्थ बोल्टचीही डोकी एक माप लहान केली, त्यामुळे जुनं मशीन आणि नंतरचं मशीन यांना एकाच बोल्टसाठी वेगळा पान्हा लागतो. जुने ब्रिटिश लेथ, लूम आणि मोटरसायकली सांभाळणारे लोक हे पान्हे शोधत फिरतात. ग्राइंडरवर जबडा मोठा करून १४ चा करायचा मोह कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

रामबागवाले

गंजाचं मी सांगतो. दोन पद्धती पुरतात, बाकी सगळं हौसेचं.

पहिली लिंबूसत. सियागंजात किराण्याच्या घाऊक दुकानात किलोच्या पिशवीत मिळतं. ‘टाटरी’ मागितलीत तर कुणी लिंबूसत देतो, कुणी टार्टारिक आम्ल, तेव्हा पिशवीवर सायट्रिक अ‍ॅसिड लिहिलंय ना ते वाचा. प्रमाण लिटरला ५० ग्रॅम. प्लॅस्टिकचं टब घ्या, ॲल्युमिनियमचं पातेलं नको. औजार आधी डिशवॉशने घासून तेलकटपणा काढा, नाहीतर तेल असेल तिथे गंज तसाच राहतो आणि ठिपके पडतात. पूर्ण बुडवा. अर्धं बाहेर राहिलं की पाण्याच्या रेषेवर खोल चर पडतो आणि तो कायमचा. दोन-दोन तासांनी काढून नायलॉनच्या ब्रशने घासा. हलका गंज चार तासांत जातो, जाड असेल तर रात्रभर. चोवीस तासांच्या वर ठेवू नका, कारण गंज संपला की आम्ल लोखंड खायला लागतं.

बाहेर काढल्यावर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि हेअर ड्रायरने गरम होईपर्यंत वाळवा. गरम असतानाच तेल. इथे पाच मिनिटं रेंगाळलात तर नारिंगी थर डोळ्यांदेखत चढतो, पावसाळ्यात तर नक्कीच.

दुसरी वीज. जाड गंजाच्या मोठ्या वस्तूंना हीच बरी, कारण ती चांगलं लोखंड खात नाही. प्लॅस्टिकची बादली, ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार औजाराला, धन तार साध्या लोखंडी सळईला. उलटं जोडलंत तर औजारच खाल्लं जाईल, तेव्हा चालू करण्याआधी दोनदा बघा. सळई आणि औजार एकमेकांना टेकता कामा नये. गंज सळईच्या समोरच्या बाजूचाच निघतो, म्हणून चारही बाजूंना सळया लावून एका तारेने जोडा. नवे ‘स्मार्ट’ चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, जुना ट्रान्सफॉर्मरवाला हवा. सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा वगैरे अजिबात नको, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून गच्चीवर करा, बंद खोलीत नको, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

विजेने रंग आणि काळा लेपही सुटतो. रंध्याच्या अंगावरचा मूळ काळा लेप ठेवायचा असेल तर विजेच्या वाटेला जाऊ नका. पितळ, जस्ताचा मुलामा, ॲल्युमिनियम, लाकूड लागलेलं काहीही दोन्हींपैकी कशातच घालू नका. पितळ आम्लात राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि ते गुलाबी दिसू लागतं. स्प्रिंगा आणि करवतीची पातळ पाती आम्लात फार वेळ ठेवली की ठिसूळ होतात. त्यांना रॉकेल आणि बारीक स्टील वूल बरं.

तुकोगंजकर

खूप आभार. बिल्ल्यांवर एकच आकडा आहे, आणि तोच आठ पान्ह्यांवर सापडला! म्हणजे संच फोडत नाही.

पान्हे लिंबूसतातून काढले तर काळपट राखाडी दिसताहेत, हात काळे होतात. हे बरोबर आहे का? आणि रंध्याचं काय, तो तसाच बुडवू?

रामबागवाले

बरोबर आहे. आम्लाने वरचं लोखंड थोडं विरघळलं आणि पोलादातला कार्बन वर राहिला, तो काळा थर. चार शून्यांचं (अगदी बारीक) स्टील वूल आणि थोडं तेल घेऊन चोळा, बराचसा जातो. राखाडीपणा थोडा राहील, तो राहू द्या. जुना तपकिरी रंग एकदा गेला की कुठल्याही युक्तीने परत येत नाही, म्हणून बाकीच्या पान्ह्यांवर नुसता पावडरसारखा गंज असेल तर तेल आणि स्टील वूलवरच भागवा.

सुतारपक्षी

रंधा तसाच बुडवू नका. आधी पूर्ण खोला.

पितळी चाकाला पक्कड लावू नका ताई, दाते उमटतात. आणि लक्षात ठेवा, त्या चाकाचे आटे उलटे आहेत. आपण सवयीने डावीकडे फिरवतो आणि ते आणखी घट्ट होतं, निम्मी जाम चाकं अशीच ‘जाम’ असतात. उजवीकडे फिरवलं की सुटतं. खरंच गंजलेलं असेल तर ॲसिटोन आणि गाडीचं ट्रान्समिशन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून आट्यांच्या मुळाशी दोन थेंब, रात्रभर ठेवा, मग ड्रायरने चाक गरम करा. पितळ लोखंडापेक्षा जास्त पसरतं, तेव्हा गरम चाक आट्यांवर सैल पडतं. चाकात अडकलेली इंग्लिश ‘वाय’ आकाराची कमान जुन्या रंध्यांत ओतीव लोखंडाची असते. जोराने ती तुटते, आणि सुटी मिळवायला फार फिरावं लागतं.

खोलताना प्रत्येक स्क्रूची जागा कागदावर काढून तिथे तो चिकटवून ठेवा. स्टॅन्लीचे आटे आपल्या बाजारातल्या कुठल्याच मापाचे नाहीत. हरवलेल्या स्क्रूच्या जागी ६ मिमीचा घुसवला की भोकातले आटे गेले म्हणून समजा. लोखंडी स्क्रू गंजून रुतला असेल तर खाचेतला मळ सुईने काढा, खाचेच्या पूर्ण रुंदीचा स्क्रूड्रायव्हर घ्या, आधी किंचित घट्ट करा आणि मग सोडवा.

आता अंगाला तडा आहे का ते बघायचं. पात्याच्या फटीचे चार कोपरे आणि दोन्ही गाल, भेग इथेच पडते. रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा, खडूची भुकटी पसरा. भेग असेल तर तिथून रॉकेल वर येऊन काळी रेघ दिसते. गालावर भेग असेल तर रंधा शोभेचा. फटीच्या कडेला लहान टवका उडाला असेल तर काम चालतं.

गंज गेल्यावर तळ. सगळा तळ आरशासारखा सपाट करायच्या नादी लागू नका. पुढचं टोक, फटीच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक, या तीन जागा काचेला टेकल्या की पुरे. ८ मिमी जाड काचेवर ८० नंबरचा एमरी, मग १५०, मग २२०. पातं आत ओढून, पण लिव्हर कॅप (पातं दाबून धरणारं झाकण) नेहमीच्या ताणाने आवळून घासा. ताणाशिवाय घासलेला तळ पातं आवळलं की वाकतो आणि सगळी मेहनत वाया.

पात्याच्या धारेजवळ निळा डाग दिसला तर कुणीतरी ग्राइंडरवर जाळलंय. तेवढा भाग मऊ पडलेला असतो, निळं संपेपर्यंत मागे घासावंच लागतं. उतार २५ अंश, शेवटची धार ३० अंश, आणि पात्याला चिकटून वर बसणारी दुसरी पट्टी (कॅप आयर्न) धारेपासून साधारण १ मिमी मागे. शिसम घासायचं असेल तर अर्धा मिमी.

पटाश्यांचं पोलाद बघा. ‘कास्ट स्टील’ लिहिलं असेल तर ओतीव लोखंड समजून फेकू नका. ते मुशीत वितळवलेलं शेफील्डचं पोलाद, धार उत्तम धरतं. दांड्यांसाठी शिसम किंवा बाभूळ घ्या. पटाशीचं शेपूट चौकोनी निमुळतं असतं, म्हणून दांड्यात एकच मोठं भोक पाडू नका, आधी पातळ ड्रिल खोल, मग जाड ड्रिल वरवर. शेपूट गरम करून जाळत बसवायची जुनी पद्धत आहे, पण त्यात उष्णता पात्यापर्यंत गेली तर धार मऊ होते. ओलं फडकं गुंडाळल्याशिवाय ते करू नये.

दांड्याला जवसाचं तेल, तीन पातळ हात, मध्ये एकेक दिवस. तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर काम करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

व्हर्नियर

मायक्रोमीटरबद्दल एकच प्रश्न: लॉक बघितलं का? फ्रेममधून स्पिंडल (पुढे-मागे सरकणारी दांडी) जिथे बाहेर येतो तिथे छोटी कळ किंवा कंगोरेदार रिंग असते. ‘जाम’ म्हणून आलेले बरेच मायक्रोमीटर नुसते लॉक केलेले असतात.

लॉक सुटलेलं असूनही फिरत नसेल तर त्याच जागी रॉकेलचे दोन थेंब, उभा टांगून रात्रभर. सकाळी हाताने फिरवा, रॅचेटने (टोकाच्या टकटकणाऱ्या कळीने) नव्हे. थिंबलला (फिरवायच्या, आकडे कोरलेल्या नळीला) पक्कड किंवा व्हाइस लावलात तर तो चेपतो आणि आकडे जातात. सुटला की स्पिंडल पूर्ण बाहेर काढून आटे रॉकेल आणि दात घासायच्या ब्रशने स्वच्छ करा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. आम्लात अजिबात नाही, कारण टेकणारी तोंडं आणि आटे यांच्या अचूकपणावरच तर सगळं चालतं.

तपासणी अशी. तोंडांमध्ये कोरा कागद हलका दाबून ओढा, मळ निघेल. मग रॅचेटने मिटवा. शून्य जुळत नसेल तर बहुतेक मॉडेलांत स्लीव्हवर (थिंबलच्या आतल्या स्थिर नळीवर) बारीक भोक असतं, पेटीतच कुठेतरी हुकासारख्या तोंडाचा छोटा पान्हा सापडेल, त्याने स्लीव्ह फिरवून जुळवा. आटे इंचाला ४०, म्हणजे एक फेरा ०.०२५ इंच आणि थिंबलवरचा एक भाग एक हजारांश. नुसतं शून्य जुळणं पुरेसं नाही. वापरलेल्या मायक्रोमीटरचे आटे सुरुवातीच्या पाव इंचात जास्त झिजतात, कारण मोजमाप तिथेच जास्त होतं. स्लिप गेज (अचूक मापाचे पोलादी ठोकळे) कुणाकडे असतील (पीथमपूरच्या कुठल्याही टूलरूममध्ये असतात) तर चार-पाच मापांवर पडताळा. फरक सगळीकडे सारखा आला तर शून्य चुकलंय. कमी-जास्त आला तर आटे झिजलेत, तेव्हा तो कपाटात ठेवा.

पितळी भिंग घडीचं, तीन पाकळ्यांचं, आणि खालच्या पाकळीत चौकोनी खिडकी असेल तर ते फिटरचं नव्हे, विणाई खात्याचं आहे. कापडावर ठेवून खिडकीतले ताण्याचे आणि बाण्याचे धागे मोजायचे. खिडकी बहुतेक एक इंचाची, काहींत अर्ध्या इंचाची, कडेला बारीक खुणा. मिलच्या पेटीत सापडणं साहजिक आहे. खुणांमधली काळी भर पितळ पॉलिशने निघून जाते, म्हणून भिंगालाही फक्त साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड. बिजागरीची पिन सैल असेल तर ठोकू नका, पाकळी वाकली की फोकस बिघडतो.

पत्राकाम

पाच खणी पेटीवर कुणीच बोललं नाही. तिरक्या खणाचं कारण नव्वद टक्के वेळा रिव्हेटची झीज. भोक लंबगोल झालं की पट्टी खाली सरकते आणि खण झाकणाला अडतो. पट्टी वाकलीय म्हणून लोक ठोकून सरळ करतात, आणि मग उजवी बाजूही बिघडते. आधी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची भोक ते भोक मापं घ्या. सारखी असतील तर पट्टी निर्दोष आहे.

जुना रिव्हेट डोक्यावरून ड्रिल करून काढा. भोक लंबगोल असेल तर ते भरायच्या भानगडीत न पडता एक माप जाड रिव्हेट घ्या, ५ च्या जागी ६ मिमी, आणि भोक गोल करून घ्या. रिव्हेट भरीव मऊ लोखंडाचा हवा. पॉप रिव्हेट पोकळ असतो, फिरत्या सांध्यात महिन्याभरात डुगडुगतो. गोल डोकं बसवायला दांडी पत्र्याबाहेर जाडीच्या दीडपट राहू द्या, ६ मिमीच्या रिव्हेटला ९ मिमी.

मुख्य गोष्ट: ठोकताना पट्टी आणि खण यांच्यामध्ये फट राहायला हवी, नाहीतर सांधा आवळून बसतो आणि पेटी उघडतच नाही. हॅकसॉचं तुटकं पातं साधारण ०.६५ मिमी जाड असतं, त्याचा तुकडा मध्ये सरकवा, रिव्हेट ठोका, तुकडा ओढून काढा. बरोबर तेवढी मोकळीक मिळते. चारही सांधे एका बाजूचे झाल्यावर पेटी उघड-मीट करून बघा, मगच दुसरी बाजू घ्या.

तळाची भोकं कोपऱ्यात का पडली? पत्रा दुमडून जोडलेल्या घडीत पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. बाहेरून पुट्टी लावून भागत नाही. आतून घडीतला गंज चाकूने खरवडा, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) लावा, २२ गेजचा तुकडा चारही बाजूंना २० मिमी जास्त ठेवून आतून बसवा, काउंटरसंक (डोकं पत्र्याच्या पातळीत बसणारे) रिव्हेट मारा आणि कडेला इपॉक्सी भरा. वेल्डिंग नको, एवढ्या पातळ पत्र्यात भोक मोठंच होतं.

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बाहेरून नवा रंग नको. झाकणाच्या आत किंवा मागे हाताने रंगवलेलं नाव, खात्याचं नाव, टोकन नंबर असतो, एका फवाऱ्यात तो जातो. दुरुस्त केलेल्या तुकड्यावर रेड ऑक्साइड आणि जवळच्या छटेचा इनॅमल, बाकीवर पातळ मेण. आणि जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून, ओला एमरी.

जुनालोहा

इनॅमलवर माझं थोडं वेगळं. आतल्या खणांना रंग द्यायला हरकत नाही, तिथे कुणी काही लिहिलेलं नसतं आणि उघड्या पत्र्यावर औजारं ठेवली की खणच गंजतात. पण बाहेरच्या बाबतीत पत्राकामचं बरोबर.

सुतारपक्षी

लाकडी पेटी राहिली. ड्रॉवर अडकतात म्हणून लगेच रंधा मारू नका. इंदूरात मे महिन्यात लाकूड आकसतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये फुगतं. पावसाळ्यात घासून सैल केलेला ड्रॉवर उन्हाळ्यात खुळखुळतो. दिवाळीनंतर बघा. तोवर ड्रॉवरच्या खालच्या पट्ट्यांना मेणबत्ती चोळा. साबण नको, साबण पाणी ओढतो. दोनच ड्रॉवर अडकतात म्हणजे बहुतेक तळाची फळी खाली झुकून खालच्या ड्रॉवरला घासतेय. ड्रॉवर काढून उलटा करा, फळी कडेच्या खोबणीतून सुटली असेल तर नुसती परत सरकवा. खोबणीत फेव्हिकॉल भरू नका, फळीला हलायला जागा नसेल तर ती मधोमध चिरते.

कुलूप आतून चार स्क्रूंनी बसवलेलं असतं. स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, मग सोडवा. पितळी स्क्रू थंड असताना जोर लावला की मान मोडते. कुलूप काढून राणीपुऱ्यातल्या कुठल्याही किल्लीवाल्याकडे न्या, लिव्हर बघून किल्ली कापून मिळते. पेटी उचलून नेऊन बाहेरून उघडायला सांगू नका.

बनात फाटली नसेल तर काढू नका. ब्रश लावून मंद ओढीने व्हॅक्यूम करा. जिथे सुटली आहे तिथे सरसाने चिकटवा. सरस ओल्या गरम फडक्याने पुढे कधीही सोडवता येतो, फेव्हिकॉलने लावलेली बनात पुढच्या वेळी फाडूनच काढावी लागते.

रामबागवाले

साठवणीचं तेवढं सांगतो. लोकर ओलावा धरते, त्यामुळे बनातीवर औजार थेट ठेवलं तर खालच्या बाजूने गंजतं आणि ते आपल्याला दिसतही नाही. प्रत्येक ड्रॉवरच्या मापाचा गंजरोधक कागद कापून बनातीवर अंथरा. पॅकिंगच्या दुकानात व्ही.सी.आय. पेपर म्हणून मागा. त्यातून निघणारी वाफ धातूवर बसते, म्हणून तो बंद ड्रॉवरमध्येच काम करतो, उघड्या फळीवर नाही. वर्षा-दीड वर्षाने बदला. कापराची वडी टाकायची जुनी पद्धत आहे, हरकत काही नाही, पण नुसत्या कापरावर पावसाळा काढू नका.

सिलिका जेलची पुडी नारिंगी रंगाची घ्या, निळीत कोबाल्ट असतं. नारिंगी हिरवी पडली की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास. पेटीला बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आणि जमिनीवर नको, खाली दोन लाकडी पट्ट्या द्या.

तेलाचं म्हणाल तर वापरायच्या औजारांना पातळ मशीन तेल, जपायच्या औजारांना मेण. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरतं. मृगाआधी एकदा आणि नवरात्रात एकदा सगळं बाहेर काढून पुसलं की पुरतं. खंडेनवमीला औजारांची पूजा करतोच आपण, कुंकू लावण्याआधी तेवढं मेण लावा. आणि कुंकू संध्याकाळी पुसून टाका, ओलसर राहिलं तर खाली गोल डाग पडतो.

तुकोगंजकर

मायक्रोमीटरचं लॉकच होतं! रिंग फिरवली आणि सुटला. शून्यावर अर्धा हजारांश फरक दाखवतोय, छोटा पान्हा तिसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे. रंध्याचं चाक उजवीकडे फिरवून बघितलं, किंचित हललं, तेल घालून ठेवलंय. ६ मिमीचे भरीव रिव्हेट सियागंजात कुठल्या गल्लीत मिळतील?

पत्राकाम

हार्डवेअरच्या दुकानात सुटे देत नाहीत, किलोने घ्यावे लागतात. लोहामंडीत कुलर आणि कपाटं बनवणाऱ्यांकडे जा, मूठभर मागितले तरी देतात. नेताना जुना रिव्हेट आणि पट्टी दोन्ही सोबत न्या, लांबी तिथेच लावून बघा.